गावात रात्रीची गस्त सुरू करायची आहे: परवानगी, पाळ्या आणि शाळकरी मुलांचा प्रश्न

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन महिन्यांत शिवारातल्या विहिरींवरून चार मोटारी गेल्या, एका बोअरची केबल कापून नेली, आणि तक्रार देऊनही तपास हलत नाही. गावातली तीसेक पोरं रात्री गस्त घालायला तयार आहेत. सरपंच म्हणतात, सुरू तर करा, पोलिसांना मागाहून कळवू. परवानगी लागते का, काठ्या बाळगता येतात का आणि अकरावी-बारावीतल्या मुलांना घ्यायचं का, असं तुम्ही विचारलंय.

या तिन्हींच्या आधी एक प्रश्न येतो, तो तुम्ही विचारलेला नाही. रात्री दीड वाजता माळावर अनोळखी माणूस दिसला, तर ही पोरं नेमकं काय करतील? याचं उत्तर पहिल्या बैठकीत ठरलं नाही, तर दल काढू नका. मी प्रत्येक दलाला तीन कामं सांगतो: बघायचं, दिसायचं, कळवायचं. पकडणं हे दलाचं काम नाही. पाळ्या, सामान, वय, वही, सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

एवढं ठासून सांगतो, कारण आपल्याच राज्यात याची किंमत माणसांच्या जिवानं मोजली गेलीय. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक मारला गेला. त्या भागात तेव्हा चोरांच्या अफवा होत्या आणि लोक रात्री जागत होते. जागं राहणाऱ्या गावाच्या हेतूबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण भीती, अंधार, काठ्या आणि फोनवरची अफवा एकत्र आली की भल्या घरची माणसंसुद्धा काय करून बसतात, हे या दोन गावांनी दाखवलंय. तुमच्या दलाची रचना अशी हवी की या चार गोष्टी एका जागी येणारच नाहीत.

आता परवानगी. स्वतःच्या गावात रात्री चालत फिरायला कायद्यानं कुणाची परवानगी लागत नाही. पण संघटित गस्त घालायची तर पोलीस ठाण्याशी जोडून घ्या, सरपंचांचं ‘मागाहून कळवू’ इथे चालणार नाही. १९५१ च्या पोलीस अधिनियमात (आधीचा मुंबई, आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम) गावपातळीवरच्या संरक्षण दलांना जागा आहे, आणि बहुतेक ठाण्यांच्या हद्दीत ग्रामसुरक्षा दल या नावानं ती चालतात. पद्धत मात्र जिल्ह्यागणिक आणि खरं सांगायचं तर अधिकाऱ्यागणिक बदलते. कुठे प्रभारी अधिकारी सही-शिक्क्याची ओळखपत्रं देतात, शिट्ट्या-टॉर्च देतात. कुठे नुसती यादी ठेवून घेतात. तुमच्याकडे काहीही होवो, ग्रामसभेचा ठराव, स्वयंसेवकांची नावं-फोन-आधार झेरॉक्स आणि पाळ्यांचा तक्ता जोडून अर्ज द्या आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्क्याची पोच घ्या. ओळखपत्र मिळालं तर त्यावर मुदत टाकायला सांगा, सहा महिने पुरे. बिनमुदतीचं कार्ड पुढे टोल नाक्यावर आणि दारूच्या दुकानात दाखवलं जातं.

अर्ज पोलीस पाटलांच्या हातूनच जाऊ द्या. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली त्यांची नेमणूक असते आणि गावातल्या घडामोडी ठाण्याला कळवणं हे त्यांचं कामच आहे. त्यांना वगळून दल काढलं, तर पहिल्या आठवड्यातच दोन तट पडतात. आणखी एक घोळ नेहमी होतो. ग्रामरक्षक दल नावाची वेगळी व्यवस्था आहे. २०१६ मध्ये दारूबंदी अधिनियमात दुरुस्ती करून अवैध दारूविरुद्ध ती आणली आणि तिचा संबंध राज्य उत्पादन शुल्क विभागाशी येतो. अर्जात ते नाव टाकलंत तर कागद भलत्याच टेबलावर जाईल. कुणाला गणवेश घालून, प्रशिक्षण आणि भत्ता घेऊन काम करायचं असेल तर त्यासाठी होमगार्ड आहे. ती संघटना १९४६ पासूनची, भरतीचं वय २० ते ५०. ग्रामसुरक्षा दलातल्या माणसाला यातलं काहीच मिळत नाही. गावकरी म्हणून जे अधिकार आहेत तेवढेच त्याच्याकडे असतात, हे प्रत्येकाला तोंडावर सांगा.

म्हणजे काय करता येत नाही? गाडी अडवता येत नाही. कागदपत्रं मागता येत नाहीत. कुणाची पिशवी, डिकी, खिसा तपासता येत नाही. रस्त्यात बैलगाडी आडवी लावून नाकाबंदी करता येत नाही. खाकी कपडे, ‘पोलीस’ लिहिलेलं जॅकेट, गाडीवर लाल-निळा दिवा, सगळं वर्ज्य. पोलीस असल्याचं भासवणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे आणि असा एक फोटो फिरला की ठाणं सगळ्या दलापासून हात झटकतं.

काठीबद्दल. हातात साधी काठी असावी, साप-विंचू आणि कुत्र्यांसाठी. कोयता, कुऱ्हाड, लोखंडी पाइप, तलवार अजिबात नको. पण काठीलाही एक अट आहे जी बहुतेकांना ठाऊक नसते: सण, निवडणूक, आंदोलन अशा काळात जिल्ह्यात पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात आणि त्यांत पुष्कळदा लाठ्या-दंडे बाळगायलाही बंदी असते. दर पंधरवड्याला बीट अंमलदाराला, म्हणजे तुमचं गाव ज्याच्याकडे नेमून दिलंय त्या पोलिसाला, फोन करून विचारा, ‘साहेब, ३७ चा आदेश चालू आहे का?’ चालू असेल तेवढे दिवस नुसते टॉर्च घेऊन फिरा. टॉर्च मात्र चांगला हवा, जोडीला एक, रिचार्जचा, शंभरेक मीटरवरचं स्पष्ट दिसेल असा. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी आणि अंगावर रस्त्याच्या कामावरचे मजूर घालतात तसं चकाकणारं जॅकेट. जॅकेटचा मुद्दा सोडू नका. अंधारात आपलीच दोन टोळकी एकमेकांना चोर समजून भिडण्याचा धोका खऱ्या चोरापेक्षा मोठा असतो.

माणसं निवडताना उत्साह बघू नका, स्वभाव बघा. पिणारा नको, लगेच हात उचलणारा नको, गुन्हा दाखल असलेला नको. वाळूच्या किंवा हातभट्टीच्या धंद्याशी ज्याचे लागेबांधे आहेत तो तर मुळीच नको, कारण गस्त कुठल्या वेळी कुठे असते ही माहिती त्याच्यासाठी सोन्याच्या मोलाची असते. यादी ठाण्यात दिली की चारित्र्य पडताळणी करून द्यायची विनंती करा. म्हणजे एखाद्याला नकार द्यायचा झाला तर तो गावानं दिला असं होत नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, प्रत्येक आळीतला, प्रत्येक वस्तीवरचा, प्रत्येक समाजाचा माणूस दलात हवा. एकाच भावकीची पोरं रात्री जॅकेट घालून फिरू लागली तर बाकीच्या गावाला ती त्या भावकीची फौज वाटते. भिवंडीत १९८४ च्या दंगलीनंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या बांधल्या, त्यात दोन्ही धर्मांची साधी माणसं शेजारी शेजारी बसवली. १९९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. तुमच्या गावात दंगल नाही, चोरी आहे. पण वस्तीवरच्या माणसानं दलाच्या माणसाला रात्री विश्वासानं फोन करावा, ही गरज दोन्हीकडे सारखीच.

पाळ्यांचं गणित साधं आहे आणि तिथेच दलं कोलमडतात. तीस पोरं आहेत म्हणून रोज दहा-दहा जण पाठवले, तर प्रत्येकाची पाळी तिसऱ्या रात्री येते. दिवसभर शेत, रात्री जागरण, पंधरा दिवसांत निम्मे गळतात आणि उरलेले पारावर पत्ते खेळत बसतात. एका माणसाची पाळी आठवड्यातून एकदाच हवी. रोज पाच जण धरा, म्हणजे पस्तीस माणसं, वर पाच राखीव, एकूण चाळीस. पाचांतले चार दोन-दोनच्या जोडीनं फिरतील, पाचवा ग्रामपंचायतीत फोन आणि वही घेऊन बसेल. एकट्यानं कुणी फिरायचं नाही. जोडीत एक चाळिशीपुढचा आणि एक तरुण असला तर फार बरं. वय झालेला माणूस हात धरतो आणि तरुण डोळे उघडे ठेवतो.

रात्रभर फिरू नका. तीन तास पुरेत, पण ते कुठले तीन हे रोज बदलायला हवं. ‘रात्री ११ ते २’ अशा तीन चिठ्ठ्या करा, दुसरी १२ ते ३, तिसरी २ ते ५. संध्याकाळी पोलीस पाटलांनी एक उचलायची आणि फक्त त्या पाचांना सांगायची. ठरावीक वेळेची गस्त म्हणजे चोरासाठी एसटीचं वेळापत्रक. मार्गही रोज उलटसुलट करा.

शिवारात रात्री कोण असतं, हे माहीत नसेल तर गस्त धोक्याची आहे. शेतीची वीज पाळीपाळीनं रात्रीचीही येते. ज्या आठवड्यात रात्रपाळी असेल, त्या आठवड्यात उसात टॉर्च फिरवणारा माणूस बहुधा बारं देणारा तुमचाच शेजारी असतो. संध्याकाळी सातपर्यंत ‘आज मी अमुक गटात पाणी द्यायला आहे’ एवढा निरोप वहीवाल्याकडे यायला हवा. त्याशिवाय ऊसतोडीच्या टोळ्यांच्या कोप्या, मेंढपाळांचे वाडे, पालं टाकून राहिलेली भटकी कुटुंबं. यांच्याकडे दिवसाउजेडी जा, पोलीस पाटलांना घेऊन जा, दलाची ओळख करून द्या आणि त्यांच्यातल्या एका जाणत्याचा फोन नंबर घ्या. उघड्यावर झोपणाऱ्या माणसाला रात्रीची हालचाल सगळ्यांत आधी कळते, तो तुमचा चांगला साक्षीदार आहे. पाल दिसलं की चोर आठवणं ही इंग्रजांची शिकवण. १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ ला रद्द झाला, पण मनातून अजून गेलेला नाही. दलात हे कुणी बोललं तर तिथल्या तिथे थांबवा. राईनपाडा अशा बोलण्यातूनच घडतो.

आता तो दीड वाजताचा प्रसंग. माणूस दिसला. जोडीनं तीस-चाळीस पावलांवर थांबायचं, टॉर्च त्याच्या पायांकडे धरायचा, तोंडावर नाही, आणि मोठ्यानं विचारायचं, ‘कोण हाय? कुठल्या वस्तीवर चाललाय?’ दहातले नऊ वेळा नाव-गाव कळतं आणि विषय मिटतो. उत्तर न देता पळाला तर पळू द्या. पाठलाग नाही. अंधारात विहिरीला कठडा नसतो, तारेचं कुंपण दिसत नाही आणि डुकरांसाठी कुणी कुंपणात वीज सोडलेली असते. पळण्याची दिशा आणि वेळ टिपा आणि ११२ लावा.

११२ ला बोलणंही शिकवावं लागतं. फोन तुमच्या ठाण्यात नाही, नवी मुंबई किंवा नागपूरच्या नियंत्रण केंद्रात उचलला जातो. ‘आमच्या माळावर या’ म्हणून तिथे कुणाला कळणार? क्रम असा पाठ करून घ्या: जिल्हा, तालुका, गाव, ओळखीची खूण, काय घडतंय, किती माणसं, गाडी कुठली, कुणीकडे गेली, आणि शेवटी आपलं नाव. ‘अमुक जिल्हा, अमुक तालुका, अमुक गाव, बिरोबाच्या देवळामागची विहीर. तीन माणसं मोटार काढतायत, पांढरी पिकअप उभी आहे, आम्ही दोघं लांब थांबलोय.’ एवढं बोलायला वीस सेकंद लागतात. हे बैठकीत प्रत्येकाकडून दोनदा म्हणून घ्या, कारण ऐन वेळी जीभ अडखळते.

देवळाच्या भोंग्यावरून ‘चोर आले’ अशी हाक देऊ नका. यावर माझे काही सहकारी वाद घालतात, भोंग्यानं गाव जागं होतं म्हणतात. होतंच. पण पाच मिनिटांत दोनशे माणसं हातात मिळेल ते घेऊन जमतात आणि मग त्यांना आवरायला तुमचे पाच जण पुरत नाहीत. शिट्टी आणि फोन, एवढ्यावरच राहा.

समजा, कुणी गावकऱ्यांच्या हाती सापडलाच. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला नागरिक धरू शकतो, हे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये आहे, आणि सहा तासांच्या आत त्याला पोलिसांकडे द्यावं लागतं. तुम्ही सहा तासांचा विचारच करू नका, पहिल्या मिनिटाला फोन करा. त्याला खाली बसवा, पाणी द्या. दोघं त्याच्या बाजूला बसतील, बाकीचे त्याच्याकडे पाठ आणि गर्दीकडे तोंड करून उभे राहतील. झडती नाही, दोरी नाही, खांबाला बांधणं नाही, व्हिडिओ नाही. जखमी असेल तर १०८. कुणी हात उचलला तर त्याला ताबडतोब बाजूला काढा आणि नाव वहीत लिहा. मारहाणीत माणूस दगावला तर ‘मी फक्त उभा होतो’ हे सांगून सुटका होत नाही, आणि चोरीचा मूळ गुन्हा तर बाजूलाच पडतो.

आता मुलांचा प्रश्न. अठराच्या आतलं कुणीही रात्रीच्या गस्तीत नको, बापाची परवानगी असली तरी नको. पण त्यांना घरी बसवू नका, कारण तुमच्या चोरीवरचा सर्वांत नेमका उपाय दिवसाचा आहे आणि तो ही मुलंच नीट करतील. केरळनं २०१० मध्ये शाळांत स्टुडंट पोलीस कॅडेट योजना सुरू केली, ती २०१८ पासून देशभर नेली. तिचाही हेतू कायदा, शिस्त आणि नागरिकपण शिकवण्याचा आहे, मुलांना चोरामागे धाडण्याचा नाही.

मुलांना द्यायचं काम म्हणजे मोटारींची नोंदवही. बहुतेक फिर्यादींत ‘पाच एचपीची जुनी वापरती मोटार’ एवढंच लिहिलेलं असतं. उद्या पोलिसांनी भंगारवाल्याकडून दहा मोटारी पकडल्या तरी त्यातली तुमची कुठली, हे कशावरून ठरणार? त्या मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात गंजत पडतात. मुलांनी दोघा-दोघांनी, दिवसा, मालकासोबत विहिरीवर जावं. मोटारीच्या पाटीचा जवळून फोटो घ्यावा, कंपनी, एचपी आणि अनुक्रमांक वहीत उतरवावा, गट नंबर आणि मालकाचं नाव लिहावं. चोर पाटी उपटून टाकतात, म्हणून एक खूण अंगावर हवी. वेल्डिंगवाल्याकडे आकड्यांचे लोखंडी पंच असतात. त्याच्याकडून गट नंबर मोटारीच्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) पायावर ठोकून घ्यावा. पंख्याकडच्या झाकणावर किंवा बेअरिंगच्या बाजूला ठोकू नये, बीड तडकतं. पाणबुडी मोटारीच्या पातळ पत्र्यावर तर अजिबात नाही, तिथे अनुक्रमांकाचा फोटो पुरे. पंच मारताना वीज बंद, फ्यूज मालकाच्या खिशात, आणि हातोडा मोठ्या माणसाच्या हातात. कठडा नसलेल्या विहिरीवर मुलं जाणारच नाहीत.

केबलला खूण करून उपयोग नाही, तांबं काढायला ती जाळतात. पहाटे ओढ्याकडून जळक्या रबराचा वास आला तर तो वहीत नोंदवायचा आणि बीट अंमलदाराला कळवायचा. बोअरपासून स्टार्टरपर्यंतची केबल पाइपात घालून फूट-दीड फूट गाडली तर ओढून न्यायला वेळ लागतो, आणि चोराकडे नसतो तो वेळच.

मुलांचं दुसरं काम सीसीटीव्हीचं. दुकानं, दूध डेअरी, पतसंस्था यांच्या कॅमेऱ्यांपैकी किती चालू आहेत ते बघायचं आणि डीव्हीआरचं, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ मोबाइलशी ताडायचं. वीज जाऊन-येऊन ते घड्याळ बिघडतं आणि पोलिसांनी मागितलेल्या वेळेला पडद्यावर भरदुपार दिसते. चूक असेल तर दुरुस्त करून घ्या. जमत नसेल तर किती मिनिटांचा फरक आहे ते लिहून ठेवा. जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून चोरी कळली की त्याच दिवशी मालकाला ते जपून ठेवायला सांगा.

दलाच्या वहीत रकाने चारच: वेळ, जागा, काय दिसलं, कुणी बघितलं. ‘संशयास्पद गाडी दिसली’ ही नोंद निरुपयोगी आहे. ‘१:४०, फाट्यावर, पांढरी पिकअप, मागे निळी ताडपत्री, नंबर चिखलानं झाकलेला, शेवटी ४७, कारखान्याच्या रस्त्यानं’ ही नोंद शेजारच्या हद्दीतल्या नोंदीशी जुळू शकते. बीट अंमलदार आले की वहीवर त्यांची सही घ्या. व्हॉट्सॲपचा गट करायचा तर फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा करा. संशयिताचा फोटो टाकायचा नाही, बाहेरून आलेला ‘सावधान’ मेसेज ठाण्यात विचारल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही.

स्वयंसेवक जखमी झाला तर भरपाई आपोआप मिळत नाही. त्यामुळे प्रत्येकाच्या बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा सुरू आहे का ते बघा. १८ ते ७० वयासाठी वर्षाला २० रुपये आणि अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण. ही रक्कम मोठी नाही, पण पाळी सुरू होण्याआधी हे काम झालेलं असावं.

तपास हलत नाही म्हणालात, तर आधी बघा की पाचही चोऱ्यांचे एफआयआर झालेत की नुसते तक्रार अर्ज घेतलेत. पुष्कळदा अर्जच असतो आणि अर्जावर शोध चालत नाही. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळायला हवी. ठाण्यात नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी देता येतं. हे काम गस्तीइतकंच निकडीचं आहे, आणि दलाच्या अर्जासोबत त्याच दिवशी उरकता येईल.

शेवटचं, मुदत ठरवा. सहा आठवडे गस्त, मग बैठक. चोऱ्या थांबल्या असतील आणि मोटारींच्या नोंदी पुऱ्या झाल्या असतील तर गस्त बंद करा, फोनची साखळी तेवढी ठेवा. सुगी आणि ऊसतोडीच्या दिवसांत माणसं थकलेली असतात, तेव्हा पाच जण जमत नसतील तर त्या रात्री कुणी बाहेर पडू नका आणि वहीत ‘आज गस्त नाही’ असं लिहा.